हलकी बादली

१९८९ साली, शाळेत रोजच्या उष्ट्याचं वजन सुरू झालं त्याच्या चौथ्या महिन्यात, बादली एकाएकी हलकी झाली.

मावशींनी ती पुन्हा काट्यावर ठेवून पाहिली. इतके दिवस अकरा-बारा किलो, आज दोन. सव्वीस वर्षं त्या शाळेची चूल त्यांच्या हातात होती. तीनशे पोरं एका दिवसात शहाणी होत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग उष्टं गेलं कुठे?

आठवड्यापूर्वीच त्यांची धाकटी जाऊ मदतनीस म्हणून लागली होती. शब्द मावशींनीच टाकला होता.

"काय गं, बादली तूच उचललीस ना?"

"हो, जाऊबाई."

"वाटेत कुठे रिकामी केलीस?"

"कुठे करणार? आवडलं असेल पोरांना."

"काल नावडलं नि आज आवडलं! जिभा बदलून आणल्या वाटतं घरून."

जाऊ हसली नाही. मान खाली घालून परात घासत राहिली.

वरून हुकूमच होता: जिथे अन्न जास्त वाया जाईल, तिथलं स्वयंपाकघर बंद. मग कारखान्यातून प्लास्टिकच्या डब्यांत जेवण येणार आणि मावशी घरी बसणार. त्यात कुणी लबाडी करताना सापडलं तर नाव मावशींचंच जाणार होतं.

तीन दिवस त्यांनी पाळत ठेवली. जाऊची पिशवी चाचपली, मागचं गटार पाहिलं. काही नाही. बादली मात्र दोन किलोंवरून दीडवर आली.

चौथ्या दिवशी रस्सा उकळत होता. थंडीतल्या तापातून उठल्यापासून मावशी दोनदोनदा चव बघायच्या. "हल्लीच्या मिठात मेला दमच नाही," असं पुटपुटत त्यांनी आणखी एक मूठ टाकली, जरा पाठ टेकते म्हणाल्या आणि कोठीच्या दाराआड उभ्या राहिल्या.

जाऊने इकडेतिकडे पाहिलं. ओट्याखालच्या पोत्यामागून एक झाकलेलं पातेलं ओढलं. आत रस्सा! तिने पळी उचलली, तोच मावशींनी मनगट धरलं.

"सापडलीस! माझ्यातलं काढून ठेवतेस होय? पोरांना कमी वाढायचं, म्हणजे उष्टं कमी, आणि हे तुझ्या घरी!"

"जाऊबाई, पाया पडते. उद्यापासून येत नाही मी. पण बाईंकडे नको."

"का? आता तोंड लपवायला जागा हवी का?"

दोन्ही पातेल्यांतली एकेक वाटी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तिने हा वेगळा केला नसेल कशावरून?"

"बाई, माझ्या हातची चव मी ओळखणार नाही?" मावशींनी बाईंसमोर एका वाटीतला घोट घेतला, मग दुसऱ्या. "तंतोतंत एकच. तिळाचा फरक नाही. तुम्हीच बघा."

जाऊने डोळे मिटून घेतले.

पहिल्या घोटाला बाईंना ठसका लागला. तोंडात धरवेना इतका खारट. पाण्याचा अख्खा पेला संपवून त्यांनी दुसरी वाटी ओठांना लावली.

तिच्यात मिठाचा कणही नव्हता.