भेटीची घंटा

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात रविवारची पालकांशी भेट अर्ध्या तासाची. वेळ संपल्याची घंटा आपोआप वाजावी म्हणून नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या लुंबिनीनं तिथून यंत्र करून आणलं. यंत्र वाजल्याबिगर कोणी उठायचं नाही, असं गृहपाल मॅडमनीच जाहीर केलेलं. अन् आता दुपार कलली तरी घंटा वाजेना.

लॅपटॉप जोडून लुंबिनीनं प्रोग्राम ओळीनओळ तपासला. चूक कुठंच नव्हती. तिचं डोकंच चालेना.

"अगं, तुझा अर्धा तास हाय तरी केवढा?" मॅडम तिसऱ्यांदा विचारून गेल्या.

शेवटी तिनं चिपची सेटिंग उघडली. प्रोग्राममध्ये हिशोब धरलेला बाहेर जोडलेल्या, वेळेचे ठोके देणाऱ्या वेगवान क्रिस्टलचा, अन् ही जुनी चिप चालून राहिली आपल्या आतल्याच संथ घड्याळावर, आठपट हळू. एक पर्याय बदलला की काम होणार होतं.

तिनं खिडकीतून पाहिलं. मोहाच्या झाडाखाली एक आई लेकीची घातलेली वेणी सोडून पुन्हा घालत होती. नजरानजर होताच ती बिचकली.

"ताई, झाली का घंटी?"

लुंबिनीनं पर्याय न बदलताच लॅपटॉप मिटला.

"न्हाई मावशी. अर्धा तास अजून भरलाच न्हाई."