तिकडे चालावं लागतं

तिसऱ्या फेरीला सुकार्जो चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून मशिदीच्या पायरीवर बसले. वार्तिनीने पिशवीतून चपलांची दुसरी जोडी काढली आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

“अजून चार,” ती म्हणाली. “तिकडे चालावं लागतं.”

हे वाक्य गेल्या तीन महिन्यांत सुकार्जोंनी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते आता झोपेतही पाय हलवत. हजच्या यादीत दोघांची नावं चढली, शिक्क्याचे कागद हातात पडले, त्या दिवशी त्यांनी गल्लीभर तळलेली केळी वाटली होती आणि स्वतः सहा खाल्ली होती. ती शेवटची. दुसऱ्या दिवशी पहाटेच बायकोने त्यांना उठवून मशिदीभोवती फिरवायला काढलं. रोज सात फेऱ्या. कोपऱ्यावरचा न्हावी दुकान उघडताना सांगायचा, पाक सुकार्जो, हज तिकडे जाऊन करायचा असतो, इथेच उरकू नका. सुकार्जोंना हसू येत नसे.

क्लातेन गावच्या चौकात त्यांची तळणाची गाडी होती. केळी, रताळी आणि सोयाबीनच्या टेंपेच्या चकत्या. तळणाऱ्याने चव बघायची नाही, असा नियम साऱ्या जावा बेटावर कुणी ऐकला नसेल. तो त्यांच्या गाडीला लागू झाला. वार्तिनी दुपारभर शेजारी स्टूल टाकून बसे. गिऱ्हाइकांना वाटे, नवऱ्याला मदत करते आहे. ती त्यांच्या जबड्यावर नजर ठेवून असे. मीठ कमी पडल्याची तक्रार आली, की सुकार्जो झारा स्टुलाकडे रोखत.

लवंगेची सिगारेट पहिल्या आठवड्यात गेली. मग कॉफीतली साखर गेली. साखर गेल्यावर कॉफीतही काही राम राहिला नाही.

बरं, सगळी तयारी पायांचीच होती असं नाही. हजला नेसायची बिनशिवणीची दोन पांढरी वस्त्रं नेसून त्यांना रोज संध्याकाळी ओसरीवर उभं राहावं लागे. खालचं सुटलं, की पुन्हा पहिल्यापासून. बॅग आणून कपाटावर ठेवलेली होती. वार्तिनी तिच्यातल्या डांबराच्या गोळ्या बदलत असे. परतताना कुणाकुणाला खजूर आणि जपमाळा आणायच्या, याची यादी वहीत तयार होती. तिच्यात शेजारच्या दार्मुजींच्या सुनेचं नाव पाहून सुकार्जो म्हणाले, त्यांना सून कुठे आहे? तर म्हणे, लिहून ठेवायला काय जातं.

घराच्या किल्ल्या नातीकडे द्यायच्या ठरल्या. सुकार्जो म्हणाले, तिला डाव्या-उजव्या चपलेतला फरक कळत नाही. वार्तिनी म्हणाली, कळेल.

या सगळ्याच्या मुळाशी दार्मुजी होते. यादीत नाव त्यांचंही होतं आणि त्यांच्या बायकोचंही. निघण्याच्या वर्षी ती वारली. दार्मुजी एकटे जाऊन आले आणि आल्यावर दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. खजूर वाटायला घरोघर फिरले तेव्हा पिशवी पुढे करत आणि दुसरीकडे बघत. वार्तिनीने त्यांच्या हातून खजूर घेतले होते. ते तिने खाल्ले नाहीत.

सुकार्जोंना हे माहीत होतं. तरी माणसाच्या सहनशक्तीला अंत असतो, आणि त्यांच्या सहनशक्तीचा मंगळवारी आला. समोरच्या शाळेच्या मास्तरणीने त्यांच्याच गाडीवरचा टेंपे त्यांच्याच डोळ्यांदेखत मिटक्या मारत खाल्ला. सुकार्जोंनी झारा खाली ठेवला.

“बास झालं. चल डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले खा, तर मी खाणार. म्हणाले नको, तर जन्मात मागणार नाही.”

“चला,” वार्तिनी म्हणाली. ती इतक्या पटकन तयार झाली, की सुकार्जोंना जरा शंका आली. पण कढईखालची आग त्यांनी विझवली होती.

दवाखान्याच्या दारात ती थांबली.

“मी तुमचा छळ करते, असं आत जाऊन सांगणार ना तुम्ही?”

“सांगणार.”

“सांगा. पण एकटीनं जायला मी नाव घातलेलं नाही, एवढंही सांगा.”

डॉक्टरीणबाई नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं. केळ्यांचं, साखरेचं, सिगारेटचं, फेऱ्यांचं. मग गुडघे वाकवून पाहिले, रक्तदाब मोजला, रक्ताचा अहवाल वाचला. साखर नावापुरती वर होती. बाकी सगळं ठीक.

“साठाव्या वर्षी याहून काय चांगलं असतं हो,” त्या म्हणाल्या. “इतकं कडक नका वागू, बू वार्तिनी. आठवड्यातून दोन केळी आणि टेंपेच्या दोन चकत्या खाल्ल्या तर काही बिघडत नाही.”

सुकार्जोंनी बायकोकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झाली होती.

“लिहून द्या,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी हसत चिठ्ठीवर तसं लिहिलं. सही करता करता म्हणाल्या, लसी वेळेवर द्यायला हव्यात, निघायला किती दिवस राहिलेत?

वार्तिनीने पर्समधून शिक्क्याचा कागद काढला, उलगडून टेबलावर ठेवला आणि नंबर येण्याच्या तारखेवर बोट टेकवलं.

“सव्वीस वर्षं,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. सुकार्जोंच्या वयाकडे पाहिलं, मनात बेरीज केली, आणि चिठ्ठीवरची केळी खोडली. मग टेंपेही.