फितूर व्हॉल्व्ह

नवऱ्याचा गिटारचा जुना ॲम्प्लिफायर खर्रर्र फट्, खर्रर्र फट् करायचा, आणि दोष शोधायचं काम नेहमीसारखं सूनबाईच्या गळ्यात. नवरा ऑफिसातून फोनवर हुकूम सोडत होता, "आवाज पूर्ण वाढव आणि आतले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह पेन्सिलीने एकेक ठोक. बिघडलेला व्हॉल्व्ह माईक होऊन बसतो, बाजूला खुट्ट झालं तरी स्पीकरमधून बोंबलतो."

"काहीतरीच थापा," म्हणत तिने फोन ठेवला.

ॲम्प्लिफायर आतल्या खोलीत, आणि स्पीकर लांब वायर लावून बाहेर दिवाणखान्यात, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवलेला. दोन व्हॉल्व्ह गप्प बसले. सात वर्षं "हो आई"पलीकडे न बोललेली सूनबाई तिसऱ्याला टिचकी मारत पुटपुटली, "अडकलास ना रे तूही या घरात? मी मात्र सुटले. परगावी नोकरी मिळालीये, उद्या साडेसातच्या गाडीचं तिकीटही काढलंय. कुणाला सांगू नकोस हं."

बाहेर स्पीकर तिच्याच आवाजात असा गरजला, की भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलं!

सूनबाई धावत दारात आली. सासूबाई उठून उभ्या होत्या.

 

"एकच तिकीट का काढलंस गं? मी काय जन्मभर याच खुर्चीत बसू?"