पाच गावांची सही

“हिरवा दिवा लागलाय बाई, पण तो बाहेरच्या विजेवर लागतो,” रुग्णालयाचा वायरमन म्हणाला. “आतल्या बॅटरीवर हा संच कुणी कधी चालवून बघितलाय का?”

नगरपालिकेच्या विद्युत अभियंता बाई त्या पांढऱ्या कपाटापुढे, वीज गेल्यावर वॉर्ड चालवायच्या नव्या बॅटरी संचापुढे, उभ्या होत्या. दारावरचं कारखान्याचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. एक वाजून गेला होता. दोन वाजता तारा बदलायला पाचही गावांची लाइन चार तास बंद होणार होती.

“मग आत्ता बघू की चालवून.”

“आत्ता? त्यासाठी वॉर्डाची वीज काढावी लागेल. तीन बाळं आहेत मशीनवर. आणि जुना जनरेटर कधीच भंगारात गेला.”

त्या तिघांतलं एक बाळ बाईंच्या धाकट्या बहिणीचं होतं. दोन दिवसांचं. श्वास त्याचा त्याला अजून जमत नव्हता, मशीन घेत होतं. बहीण वॉर्डाबाहेर बाकावर पाय वर घेऊन बसली होती.

“ताई, दोनला लाइट जाणार म्हणतात.”

“जाऊ दे गं. पाच गावांनी मिळून घेतलेत हे संच, प्रत्येकाच्या रुग्णालयाला एक. एकट्या आपल्या गावाने घेतला असता तर मीच घाबरले असते.”

बहीण हसली. बाई मात्र जिना उतरून सामानाच्या खोलीत आल्या. वॉर्ड बरोबर डोक्यावर होता, मशीनची बारीक घरघर खाली ऐकू येत होती. टेबलावर वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षाचं सकाळचं पत्र पडलं होतं. ज्या गावाची हरकत असेल त्याने दोनच्या आत कारणासह लेखी कळवावं, त्या गावाची लाइन आज चालू ठेवू.

कारणासह. म्हणजे ‘संच तपासलेला नाही’ असं लिहायचं. आणि फाइलीत ‘तपासला, ठीक आहे’ याच्याखाली त्यांची स्वतःची सही होती.

खोटी सही त्यांनी जन्मात केली नव्हती. ही रीतच ठरलेली होती. खरेदी पाच गावांची एकत्र, तशीच तपासणीही. संच सगळे एकसारखे, म्हणून एकाने आपला चालवून बघायचा, बाकीच्यांनी त्याच्या सहीवर सही करायची. कागदावर तसा रकानाच होता, ‘कोणाच्या तपासणीवरून’. बाईंनी तिथे नदीकाठच्या गावाचं नाव घातलं होतं. त्या गावाने तपासलेला असला की झालं, मग हरकत नको आणि चौकशीही नको. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि फोन लावला.

“आम्ही?” नदीकाठचे साहेब म्हणाले. “छे हो, आम्ही टेकडीवाल्यांच्या तपासणीवरून केली. का, काय झालं?”

बाईंनी सगळं सांगितलं. हिरव्या दिव्याचंही सांगितलं. “बरं, ठेवतो हं. जरा काम निघालं.”

टेकडीवरचे साहेब मोठ्याने हसले. “अहो बाई, आमच्याकडे मीटिंगमध्ये बिस्किटसुद्धा दुसऱ्याने खाल्ल्यावर खातात! संच गिरणीच्या गावाने तपासला. आमची सही मागाहून.” मग हसू थांबलं. “हिरवा दिवा बाहेरच्या विजेवर म्हणालात ना? ठेवू का मग?”

गिरणीच्या गावातल्या मॅडमनी बंदराच्या गावाकडे बोट दाखवलं आणि पुरतं ऐकून न घेताच फोन ठेवला. राहिलं बंदराचं गाव. तिथले साहेब जुने, शब्दाचे पक्के. बाईंना धीर आला. त्यांनीच तपासलेला असणार.

“बाई, माझ्या कागदावर तुमच्या गावाचं नाव आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्या दिवशी सभेत पाचही कागद टेबलाभोवती गोल फिरत होते, आठवतंय? तुम्ही बघितल्याशिवाय सही करत नाही, असं सगळेच म्हणतात.”

“मग तपासला कुणी?”

फोन बंद झाला होता.

दोनला पंधरा मिनिटं होती. बाईंनी कोरा कागद ओढला. तारीख घातली, विषय लिहिला. ‘कारण’ लिहून पेन थांबलं. ‘तपासणीबाबत अधिक खात्री व्हावी म्हणून’ असं लिहिलं. ते खोडलं. ‘संच बहुधा’ लिहिलं. बहुधा खोडलं. बावीस वर्षांची नोकरी होती, एक डाग नव्हता. नवा कागद घेतला. पुन्हा तारीख घातली. या वेळी मन घट्ट करून त्यांनी लिहिलं, ‘मी न तपासता सही केली आहे.’ खाली सही करायला पेन टेकवलं आणि डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला.

घरघरही थांबली होती.

बाई जिन्याकडे धावल्या. फोन कानाशी होता.

“लाइन सोडा! आमची हरकत आहे!”

“आता कशी सोडू, बाई?” नियंत्रण कक्षातला माणूस म्हणाला. “माणसं चढलीत जागोजागी खांबांवर. त्यांना उतरवायलाच अर्धा तास जाईल.”

“अहो, संच तपासलेलाच नाही! पाचांतल्या एकाही गावाने तपासलेला नाही. बाकीच्यांची तरी—”

“त्यांची चालू आहे. चौघांच्या हरकती आल्या, अर्ध्या तासात एकामागोमाग एक. तपासलेला नाही, असंच लिहिलंय सगळ्यांनी. तुमचं मात्र काहीच आलं नाही. मी म्हटलं, बाईंचा तपासलेला असणार.”