शेवटचा नंबर

गोंदणारणीच्या पुढ्यात बसलेली बाई धरून कमळीच्या आधी आता चारच जणी उरल्या होत्या. विवळवेढ्याच्या जत्रेत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती, भोंगे कान फोडत होते. पण कमळीला ऐकू येत होती ती फक्त बॅटरीवरच्या मशीनची घरघर. एकीचा हात झाला की गोंदणारीण मांडीवरच्या फडक्यानं सुई पुसायची आणि म्हणायची, चल, पुढची. सकाळपासून तेच फडकं, तीच सुई.

सासूनं, भिकीनं, घरून निघतानाच ठरवलं होतं. अंगावर गोंदण नसताना सून पहिलटकरीण बाळंत व्हायची, हे तिला पटणारं नव्हतं. सोनंनाणं इथंच राहतं, मेल्यावर बाईसोबत जातं ते गोंदणच, असं ती गावापासून, वेवजीपासून, टेम्पोत वाटभर सांगत आली होती. म्हातारी मायेनंच सांगत होती, तीच तर पंचाईत.

तीन आठवड्यांपूर्वी पोटुशी बायांची तपासणी झाली, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या ताईनं कमळीला एकटीला आत बोलावून दार लावून घेतलं होतं. रक्तात एचआयव्ही निघालं होतं. ताईनं नीट समजावलं. एका ताटात जेवून होत नाही, हात धरून होत नाही. गोळी रोज घेतलीस तर बाळाला वाचवता येतं. रक्ताला मात्र जपायचं; एकीची सुई दुसरीला लागू द्यायची नाही. कमळीनं सगळं ऐकलं आणि घरी येऊन तोंडातून एक शब्द काढला नाही. नवरा लक्ष्या गुजरातच्या बोटीवर खलाशी. त्याला फोनवर काय सांगणार? गोळ्या रक्तवाढीच्या आहेत असं तिनं सासूला सांगून टाकलं, आणि तेव्हापासून जेवणं झाली की भिकीच आठवणीनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या आणून ठेवायची.

कळलं तर काय होईल, ते कमळीनं बघितलेलं होतं. पाड्यावरच्या एका बाईचं आधी ताट वेगळं झालं, मग चूल. मग ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. तिच्याबद्दल अजून कोणी बोलत नाही.

कमळीच्या मागं नणंद उभी होती. प्रगती, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मनगटावर फूल हवं म्हणून आठवडाभर घर डोक्यावर घेतलेली. कमळीनं तिला पुढं काढलं. तू आधी बस, मी शेवटी बसते, म्हणाली. आपल्यामागं कोणी नसलं म्हणजे झालं, एवढंच तिच्या मनात होतं. जरा हायसं वाटून तिनं मागं वळून बघितलं, तर पाच पोरी नव्यानं येऊन उभ्या. त्यांनाही तिनं पुढं जा म्हटलं, तोवर त्यांच्यामागं आणखी तिघी. जत्रेत कसला आलाय शेवटचा नंबर!

भिकी वैतागली. आमच्या वेळी हातानं टोचायचे, रक्ताची धार लागायची, तरी आम्ही हूं का चूं केलं नाही, आणि ही मशीनला घाबरते, असं म्हणत तिनं कमळीचं मनगट पकडलं आणि तिला ओढून प्रगतीच्या पाठीशी आणून उभं केलं, मनगट धरूनच.

प्रगतीचा नंबर आला, ती बसली. गोंदणारणीनं सुई पुसली. फडक्यावर काळ्यानिळ्या शाईत एक लाल ठिपका उमटला, आणि कमळीची नजर तिथंच अडकली. आपण इथं गप्प उभ्या आहोत. अशीच एखादी सकाळी गप्प बसून, गोंदून गेली नसेल कशावरून? म्हणजे आपण बसलो नाही, तरी ही पोर सुटत नाही.

सुई टेकणार तोच कमळीनं मोकळ्या हातानं प्रगतीचा हात मागं खेचला.

"सुई बदल, मावशी."

गोंदणारणीनं नुसतं वर बघितलं. सुई आज सकाळीच लावलीय, अजून धार आहे तिला, म्हणाली. मागच्या पोरी खिदळल्या. प्रगती रडकुंडीला आली.

"काय झालाय सुईला?" भिकीनं विचारलं.

चक्कर येते म्हणून बाजूला होता आलं असतं. कोणी काही विचारलं नसतं. पण मग प्रगती बसली असती, आणि त्या पाच पोरी.

"सुईला नाय, आई. माला झालाय," ती म्हणाली. "एचआयव्ही. मी अजून टोचला नाय. पण माझ्यासारखी कोण आधी टोचून गेली असंल, तर हिला लागंल."

गोंदणारणीनं मशीन बंद केली. आत्ताच गोंदून उठलेली बाई आपल्या हाताकडे बघत राहिली. पोरी दोन पावलं मागं सरकल्या. सुईपासून की कमळीपासून, कोण जाणे.

भिकीनं अगदी हळू विचारलं.

"त्या गोळ्या त्याच्याच?"

"हो."

मनगट अजून भिकीच्याच हातात होतं. कमळीनं डोळे मिटून घेतले आणि ते सुटायची वाट बघत ती उभी राहिली. मागून कोणीतरी रांग सोडून गेल्याची चाहूल लागली. प्रगती रडायला लागली. भोंग्यावरचं गाणं संपून दुसरं सुरू झालं.

मनगट सुटलं नव्हतं.