हरीओमच्या गाडीतला प्लग

विकास आणि हरीओम, दोघांकडेही जुनी फोक्सवॅगन बीटल, दोघांनीही इंजिन मोठं करून घेतलेलं. विकासनं तर नाना तऱ्हेचे स्पार्क प्लग लावून पाहिले. जो पसंत पडला नाही, त्याच्यावर बायकोच्या, राखीच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका द्यायचा अन् भंगारवाल्याला देऊन टाकायचा. तरी कामरगावच्या चढावर त्याची गाडी खोकलत बसायची, आणि हरीओमची सुसाट पुढं निघून जायची.

"कोनता प्लग टाकला बे?" चढावरच्या टपरीपाशी विकासनं एकदा विचारलं.

"सादाच हाय गा," म्हणत हरीओम चहा सांगायला गेला.

"सांगत नाही लेकाचा!" विकासचा नुसता जळफळाट झाला. हात पोळला, तरी त्यानं हरीओमच्या इंजिनातून एक प्लग काढलाच, आणि रुमालानं पुसला.



गुलाबी ठिपका स्वच्छ दिसत होता.