फक्त दिव्यानीच्या हातचे

"विनोदभाऊ, यातला माझा लाडू कोणता?"

प्रश्न दिव्यानीने विचारला खरा, पण तो तिच्या मनातला नव्हता. हे विचारायची तिची हिंमतच नाही, अशी पैज बुधरी आणि उर्वशीने लावली होती. म्हणून ती धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर, विनोदभाऊंच्या चहाच्या दुकानात उभी होती. टेबलावर पळसाच्या पानाचा द्रोण. द्रोणात तीन मोहलाडू. एक दिव्यानीचा, दोन मैत्रिणींचे. तिघींनी आपापल्या घरी, एकाच मापाने केलेले.

दिव्यानी निर्धास्त हसत होती. अकरावीतल्या दुसऱ्या कोणाचे नाव डब्यांवर छापलेले होते सांगा! 'दिव्यानी मोहलाडू. फक्त दिव्यानीच्या हातचे.' वाळलेली मोहफुले निवडून त्यांतले कडू केसर काढणे, भाजणे, कुटणे, तीळगूळ घालून वळणे, डबे भरणे, सायकलवरून पोचवणे, सगळे एकटी. रसायनशास्त्राच्या चाचणीत पंचवीसपैकी सहा पडले, तेव्हाही तिला काळजी होती ती घरी भाजून ठेवलेल्या तिळाची.

ती कोणाची मदत घेत नव्हती असेही नाही. एकदा बुधरीला तिने वळायला बसवले. बुधरीने साठ लाडू वळले. दिव्यानीने ते साठही मोडून पुन्हा वळले. उर्वशीला माशा हाकलायचे काम दिले आणि माशा कशा हाकलायच्या, ते शिकवले. आईला तर ती कढईजवळ फिरकू देत नसे. लाडू करायला तिला आईनेच शिकवले होते, ही गोष्ट वेगळी.

आता विनोदभाऊ चंद्रपूरच्या प्रदर्शनात दुकान लावणार होते. त्यांना शनिवारपर्यंत चारशे लाडू हवे होते. दिव्यानीची वार्षिक परीक्षा सोमवारपासून. एकटीने हे होणार नाही, हे तिला सोडून सगळ्यांना दिसत होते.

"नाई जमत तं सांग, मी दुसरीकडून घेतो," असे भाऊ दोनदा म्हणालेही होते.

त्यांनी पहिला लाडू खाल्ला. मान डोलावली. दुसरा खाल्ला. बोटे चाटली. तिसऱ्याचा घास घेतला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"हे पह्यले दोन झकास. यातलाच एक तुहा असन." त्यांनी उरलेला तुकडा द्रोणात ठेवून दिला. "हा कोणं केला पण? फुलातलं केसर काढलंच नाई. कडू लागून राह्यला. हिले कामाले ठेवू नको बरं, धंदा बुडवन तुहा."

उर्वशीने तोंडावर ओढणी दाबली. बुधरी एकदम समोरच्या बसची पाटी वाचायला लागली.

तिसरा दिव्यानीचा होता. आदल्या दिवशी फुले निवडता निवडता ती बसल्या जागी झोपली. जागी झाल्यावर निवडलेली टोपली कोणती आणि तशीच राहिलेली कोणती, हे सांगायला जवळ कोणी नव्हते. तिनेच कोणाला बसू दिले नव्हते.

प्रश्न विचारला, म्हणून पैज तिनेच जिंकली. बक्षिसाची कुल्फी मात्र तिने त्या दोघींनाच देऊन टाकली.

घरी आई-बाबा अंगणात तूर पाखडत होते. दिव्यानीने सायकल लावली आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. मी आज एकीले कामावरून काढून टाकलं."

बाबांच्या हातातले सूप थांबले. "काऊन वं? काय केलं तिनं?"

"फुलं धड निवडत नाई. कामावर झोपते. अन् कोणाचं ऐकत तं मुळीच नाई."

"अवं पण," आई म्हणाली, "तुह्याकडे कामाले होतंच कोण?"

"मीच," दिव्यानी म्हणाली. "तिच्या एकटीच्या जागेवर आता तिघी लागतीन. बुधरी, उर्वशी अन् तू. अन् आई, परीक्षा होईपर्यंत ती कढईजवळ दिसली, तं हाकलून दे."